दोघींनी जातं ओढावं तसं: मंडळीत सोबतीनं भक्तीच्या सवयी कशा लावाव्यात

बाप्तिस्मा झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मला तीन जणींनी एकच गोष्ट सांगितली, "रोज वचन (म्हणजे बायबल) वाच, रोज प्रार्थना कर." कशी करायची, किती वेळ करायची, दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला घरी आल्यावर करायची की पहाटे, वाचलेलं कळलं नाही तर कुणाला विचारायचं, हे कुणी सांगितलं नाही. मी मूळची दोडामार्गकडची, लग्नानंतर गोव्यात फोंड्याला आले, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे. दोन वर्षं मी दर सोमवारी नव्यानं सुरुवात करायची आणि बुधवारपर्यंत सगळं सुटायचं. मग मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कुर्टीच्या मावशींनी मला सोबत घेतलं. आज सात वर्षांनी मी स्वतः मंडळीतल्या तिसऱ्या नव्या मुलीसोबत बसते आहे. मधल्या काळात जे चुकलं आणि जे जमलं ते इथे क्रमानं लिहिते. गोव्यातल्या मराठी मंडळीत नव्यानं आलेल्यांना ती दोन वर्षं वाया घालवावी लागू नयेत, एवढीच इच्छा.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

शिष्यत्व, म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकणं, म्हटलं की वर्ग, पुस्तिका आणि प्रश्नोत्तरं डोळ्यांसमोर येतात. ते वर्ग चांगले असतात, मीही केले. पण सवय वर्गात लागत नाही. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू बारा जणांना नेमतो, तेव्हा पहिलं कारण दिलं आहे ते त्यांनी त्याच्याबरोबर असावं हे. उपदेशाला पाठवणं त्याच्या नंतर येतं. लूकच्या अकराव्या अध्यायात तर क्रम अगदी उघड आहे. येशू प्रार्थना करत होता, शिष्य पाहत होते, आणि त्याची प्रार्थना संपल्यावर एक जण म्हणाला, आम्हालाही शिकवा. डोळ्यांनी पाहिल्यावर मागावंसं वाटलं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो ते हेच.

गोव्यात याचं एक उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असलेल्या माणसाचं आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत ज्याचे अवशेष आहेत तो फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला, हे आपल्याला माहीत असतं. त्याच्या आधी पॅरिसमध्ये तो काय करत होता, हे फारसं कुणी सांगत नाही. तो आणि पीटर फाबेर एका खोलीत राहणारे विद्यार्थी होते. 1529 मध्ये त्याच खोलीत इग्नेशियस लोयोला, पुढे जेझुइट संघ स्थापणारा, राहायला आला, दोघांपेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठा. फाबेर आधी त्याच्या मार्गाला वळला, झेवियरला बराच वेळ लागला. एकत्र राहून, एकत्र अभ्यास करून, एकत्र प्रार्थना करून 15 ऑगस्ट 1534 रोजी सात जणांनी मिळून देवाच्या सेवेला वाहून घेण्याची शपथ घेतली. पुढे इतक्या दूर आल्यावर झेवियरनं सोबत्यांच्या पत्रांतल्या त्यांच्या सह्या कापून गळ्यात बाळगल्या, असं त्याच्याच पत्रात आहे. आमची मंडळी कॅथलिक नाही आणि आमच्या रीती वेगळ्या आहेत. तरी त्या सह्यांची गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती आहे. सोबत्यानं तुमची सवय तपासायची नसते, ती तुमच्या शेजारी बसून करायची असते.

काय काय लागेल

पवित्र शास्त्र (बायबल), दोघांकडेही एकाच भाषांतराचं. जुन्या आणि सोप्या भाषांतरात शब्द इतके बदलतात की एक वाचतो आणि दुसरा ओळ शोधत बसतो.
प्रत्येकी एक साधी वही आणि पेन.
मंडळीत गातात ते गीतांचं पुस्तक.
फोनवर मराठी पवित्र शास्त्राचं ऑडिओ, आधीच उतरवून घेतलेलं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी हे आवश्यकच आहे. आमच्याकडे बेळगावकडच्या काही जणींची शाळा कन्नडमधून झाली आहे. त्या मराठी अस्खलित बोलतात, पण वाचताना अडखळतात आणि लाजेनं गप्प बसतात.
पावसाळ्यासाठी टॉर्च. जूनमध्ये वीज नेमकी प्रार्थनेच्या वेळी जाते.
पाळकांना (पास्टरना) दिलेली माहिती, की अमुक दोघं भेटणार आहेत, अमुक ठिकाणी, अमुक दिवशी.

कागदपत्र एकही लागत नाही. फॉर्म नाही, ओळखपत्र नाही, पैसे तर नाहीतच. एकच अपवाद म्हणजे शिकणारा अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची लेखी संमती घ्या आणि भेट अशा ठिकाणी ठेवा जिथे इतर मोठी माणसं ये-जा करतात. मुलाला एकट्यानं बंद खोलीत भेटू नका, तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी.

1. सोबती शोधा

सगळ्यात चांगलं गाणारी किंवा सगळ्यात लांब प्रार्थना करणारी व्यक्ती निवडण्याचा मोह होतो. मी तेच केलं होतं. त्या बाई खरंच देवभीरू होत्या, पण त्यांच्याकडे माझ्यासाठी वेळ नव्हता आणि नाही म्हणायला त्यांना जड गेलं. आम्ही दोनदा भेटलो आणि तिसऱ्यांदा मीच विचारलं नाही.

उपासना संपल्यावर दहा मिनिटं हॉलमध्ये नुसतं पाहत उभ्या राहा. कोण खुर्च्या उचलतं, कोण नव्या माणसाजवळ जाऊन बसतं, कोण गैरहजर असलेल्याबद्दल वाईट बोलत नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण उद्या तुम्हीही गैरहजर असाल. तुमच्यापेक्षा चार पावलं पुढे असलेला माणूस पुरतो, चाळीस पावलं पुढे असायची गरज नाही.

बाईनं बाईसोबत, पुरुषानं पुरुषासोबत बसावं. नवरा-बायको मिळून दुसऱ्या जोडप्यासोबत बसत असतील तर तेही चालतं. तुमचा सुपरवायझर, तुम्ही ज्याचे पैसे देणं लागता तो, आणि सासरचं माणूस सोबती म्हणून घेऊ नका. पाळकांचाच आग्रह धरू नका. त्यांच्यामागे सगळी मंडळी असते. आणि अंतराचा विचार करा. रात्री आठनंतर आतल्या गावांकडे जाणाऱ्या बस विरळ होतात, त्यामुळे एका बसमध्ये पोचता येईल असा सोबती शोधा. दोन ठिकाणी बदलून जावं लागणारी भेट पहिल्या पावसात बंद पडते.

विचारताना मोघम बोलू नका. "मला शिष्यत्व द्याल का?" असं विचारलं की समोरचा घाबरतो. मी आता सगळ्यांना हे वाक्य देते: "मावशी, रोजच्या प्रार्थनेची सवय लावायची आहे, एकटीला जमत नाही. चार महिने आठवड्यातून एक तास तुमच्यासोबत बसू का?" यात सवय कोणती, किती काळ आणि किती वेळ, तिन्ही आलं. नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरीला विचारा.

दोघंच असावं की तिघं? माझा कल तिघांकडे आहे. पाळी बदलली, ताप आला, कुणी गावी गेलं, तरी दोघं उरतात आणि भेट मोडत नाही. चार झाले की एक जण हमखास गप्प बसायला शिकतो.

2. पहिल्या भेटीत ठराव लिहा

हे फार व्यावहारिक वाटेल, पण सोडू नका. एका पानावर पाच ओळी पुरतात: वार आणि वेळ, जागा, किती काळ, कोणती सवय, आणि इथलं बोललेलं कुठे जाणार नाही. खाली सगळ्यांच्या सह्या करा.

मुदत नक्की लिहा. आम्ही मार्काचं शुभवर्तमान धरतो. 16 अध्याय, आठवड्याला एक, म्हणजे चार महिने. मुदत संपली की पुन्हा बसून ठरवायचं, पुढे जायचं की थांबायचं. मुदत नसलेली भेट कुणालाच तोंडावर थांबवता येत नाही. मग ती न बोलता विझते आणि दोघंही रविवारी एकमेकांची नजर चुकवतात.

गुप्ततेबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यात मी पोळले आहे. फोंड्याला येण्याआधी मी काही महिने दुसऱ्या गावी होते. तिथल्या एका गटात मी घरातल्या एका भांडणाबद्दल बोलले आणि पुढच्या आठवड्यात तेच भांडण सगळ्यांच्या समोर "एका बहिणीच्या कुटुंबासाठी प्रार्थना" म्हणून आलं. नाव घेतलं नव्हतं, घेण्याची गरजही नव्हती. मी त्यानंतर कितीतरी दिवस कुणाजवळ मन उघडलं नाही. प्रार्थनेच्या नावाखाली केलेली चहाडी ही चहाडीच असते. तुमच्या सोबत्याला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट नवऱ्यालाही सांगू नका, पाळकांनाही नाही.

याला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच दिवशी मोठ्यानं सांगा. कुणाच्या जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर गप्प बसायचं नाही. मुलांच्या बाबतीत तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. वहीच्या मागच्या पानावर हे नंबर लिहून ठेवा: तातडीची मदत 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मनाच्या आजारासाठी टेलिमानस 14416.

3. एकच सवय धरा आणि तिला रोजच्या कशाला तरी बांधा

नवा उत्साह असतो तेव्हा माणूस पहाटे चारला उठणं, तीन अध्याय, शुक्रवारचा उपास आणि रोज एक वचन पाठ, सगळं एकदम घेतो. सोबत्याचं पहिलं काम यातल्या एकाला हो म्हणणं आणि बाकीच्यांना थोडं थांबवणं हे आहे.

मावशींनी मला फक्त सात मिनिटं दिली. आणि वेळ घड्याळाची दिली नाही. म्हणाल्या, "पोदेराचा भोंगा वाजला की बस गो." आमच्या वाड्यावर सकाळी सायकलवरून पोदेर येतो, त्याचा भोंगा ऐकला की पाव घ्यायला मी बाहेर जातेच. पाव घेऊन आत आले की चहाचं आधण ठेवायचं आणि तिथेच स्टुलावर बसायचं. मोबाइलचा गजर मी शंभरदा बंद केला असेल, पोदेर मला बंद करता येत नाही. पहिल्या पाळीला असाल आणि तो यायच्या आधीच घर सोडत असाल तर बस धरा. माझी एक मैत्रीण बसनं फर्मागुडीचा चढ घ्यायला सुरुवात केली की इयरफोन लावून मार्काचा भाग ऐकते. जवळ कॅथलिक चर्च असेल तर संध्याकाळच्या आंजेलूसच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, घंटेचाही उपयोग होतो. घंटा कुणाचीही असो, आठवण तुम्हाला होते.

सात मिनिटांत काय करायचं? मार्काचा पहिला अध्याय 45 वचनांचा, म्हणजे क्रमांक दिलेल्या ओळींचा, आहे, तो सहा तुकड्यांत वाटा. एक तुकडा वाचा, ज्या शब्दावर मन अडकलं तो वहीत लिहा, त्यावरून दोन वाक्यं प्रार्थना करा. झालं. सातवा दिवस रविवार, त्या दिवशी मंडळीत ऐकायचं.

इथे एक मोठा सापळा आहे, व्हॉट्सॲपवरच्या खुणांचा. आधीच्या त्या गटात रोज सकाळी "वाचलं" म्हणून खूण टाकायची असायची. पहिला आठवडा मी वाचून खूण केली. तिसऱ्या आठवड्यात मी अंथरुणातूनच, न वाचता खूण केली, आणि मग सगळा दिवस ते खोटं माझ्यासोबत फिरलं. ते पाप माझंच होतं, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. पण ज्या पद्धतीत खरं बोलणाऱ्याला लाज वाटते, ती पद्धत बदलायला हवी. आमच्या ठरावात आता रोजचा मेसेज नाहीच.

आणि एकवीस दिवसांत सवय लागते यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी 96 जणांना एकेक नवी साधी सवय लावायला सांगून पाहिलं. ती अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254 इतका फरक दिसला. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमच्या विश्वासात खोट आहे असं समजू नका.

4. भेटीत ती सवय करा, तिच्याविषयी नुसतं बोलू नका

ही पायरी नीट जमली तर बाकीचं थोडं मागेपुढे झालं तरी चालतं.

पहिल्या भेटीला मी मावशींकडे गेले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मला वाटलं आता उपदेश ऐकावा लागणार. त्यांनी हात धुतले, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी जशी घरात करते तशी करते, तू ऐक." मग त्यांनी माझ्यासमोर देवाशी बोलायला सुरुवात केली. मोडक्यातोडक्या वाक्यांत, मध्येच थांबून, गॅसची किंमत वाढली तेही सांगून, मुलगा दारू सोडत नाही त्यावर रडून. तोपर्यंत मी प्रार्थना फक्त व्यासपीठावरून ऐकली होती. घरातली प्रार्थना इतकी साधी असू शकते हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याच रात्री मी पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत बोलले.

आमचा एक तास साधारण असा जातो. पहिली दहा मिनिटं चहा आणि चौकशी, यात घाई करू नका, घरून आलेलं ओझं खाली ठेवायला वेळ लागतो. मग एक गीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आमच्याकडे पाठ असतात, वाचता न येणारीलाही ती येतात. गोव्यात तर ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीत सांगायची रीत चारशे वर्षांहून जुनी आहे. 1579 मध्ये इथे आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी मराठी शिकून ती ओवीबद्ध केली आणि 1616 मध्ये ती राशोलला छापली गेली. त्यामुळे मराठीत भक्ती करायला संकोच वाटून घेऊ नका. इथे कोकणी आणि इंग्रजी उपासना बघून आपल्या काही जणींना तसा संकोच वाटतो.

गीतानंतर वीस मिनिटं वचन. त्या आठवड्याच्या अध्यायातला एक छोटा भाग निवडा, दहा-बारा वचनं. एकानं सावकाश मोठ्यानं वाचायचं. मग दोन मिनिटं गप्प. मग दुसऱ्यानं तोच भाग पुन्हा वाचायचा. आता प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, कुठला शब्द मनात राहिला आणि का. तिसऱ्यांदा वाचून त्यावरून प्रार्थना. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठवासीयानं वाचणं, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणं अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आम्ही त्याचंच सोपं रूप करतो. वाचून दाखवणाऱ्यानं स्पष्टीकरण देत सुटू नये. वय आणि अनुभव असलेल्यांना हे सर्वांत कठीण जातं, मलाही जातं. नवी मुलगी चुकीचं काही बोलली तरी लगेच दुरुस्त करू नका, आधी "हे तुला कुठल्या ओळीत दिसलं?" असं विचारा. पुष्कळदा ती ओळीकडे परत जाते आणि स्वतःच सावरते. खरंच अवघड प्रश्न निघाला तर वहीत लिहा आणि रविवारी पाळकांना विचारा.

उरलेल्या वेळात पुढचे प्रश्न आणि एकमेकांसाठी प्रार्थना. नवख्यानं मोठ्यानं प्रार्थना करावी असा आग्रह पहिल्या महिन्यात धरू नका. शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं 13 वं स्तोत्र हातात द्या. सहाच वचनं आहेत, "किती काळ?" या तक्रारीनं सुरू होतं आणि भरवशावर संपतं. ते वाचणं हीसुद्धा प्रार्थनाच.

5. विचारपूस करताना

"केलंस का?" हा प्रश्न आमच्याकडे विचारत नाहीत. त्याचं उत्तर हो किंवा नाही, आणि दोन्ही उत्तरांनंतर बोलणं संपतं. आम्ही हे विचारतो:

या आठवड्यात देव कुठे जवळ वाटला आणि कुठे दूर?
वहीतला कुठला शब्द अजून सोबत आहे?
कुठे पाय घसरला, सांगावंसं वाटतं का?
कुणाला क्षमा करणं अडलं आहे?
पुढच्या गुरुवारपर्यंत मी तुझ्यासाठी काय मागू?

आधी वडीलधाऱ्यानं उत्तर द्यायचं, नेहमी. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो, त्यातला एकमेकांजवळ हा शब्द आपण विसरतो. फक्त धाकटीनंच कबूल करायचं असेल तर ती चौकशी झाली.

1742 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करावी म्हणून बारा-बारांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटाचा प्रमुख पैशांसाठी घरोघर जाऊ लागला. घरी गेल्यावर कळलं, कोण संकटात आहे, कोण दारूत बुडालं आहे, कोणाचं घरात पटत नाही. पैसे गोळा करायला निघालेली माणसं एकमेकांची काळजी घेऊ लागली, आणि त्यातूनच मेथडिस्टांचे साप्ताहिक वर्ग उभे राहिले. म्हणून मी सांगते, भेट शक्यतो घरी ठेवा, चहाच्या दुकानात नको. घरात शिरल्यावर न विचारता बरंच कळतं.

6. पुढच्या सवयी, एकेक करून

पहिली सवय अंगवळणी पडली की पुढची घ्या.

पाठांतर: 121 वं स्तोत्र आठ वचनांचं आहे, आठवड्याला एक, दोन महिन्यांत पूर्ण. भेटीत दोघींनी मिळून म्हणा.

उपास: एका वेळचं जेवण सोडण्यापासून सुरुवात करा, आणि तो वेळ प्रार्थनेला द्या, नाहीतर ते नुसतं उपाशी राहणं होतं. मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर उपास करू नका, त्याऐवजी फोन किंवा मालिका सोडा.

दान: पगाराच्या दिवशी पाकिटात वेगळं काढा. किती काढलं हे सोबत्याला सांगायची गरज नाही, मत्तयाचा सहावा अध्याय तेच सांगतो.

विसावा: रविवारीही पाळी लागणाऱ्यांना हे फार अवघड आहे. निदान सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस ओव्हरटाइमला नाही म्हणून पाहा, आणि तो अर्धा दिवस घरकामानं भरून टाकू नका.

भेट देणं: महिन्यातून एकदा दोघींनी मिळून एका आजाऱ्याकडे जा. काय बोलायचं हे धाकटी तिथे पाहून शिकते.

7. सवय मोडेल तेव्हा

मोडणारच, आणि कधी ते आधीच माहीत असतं. मे महिन्यात अर्धी मंडळी गावी जाते. चवथीला आमच्यापैकी बऱ्याच जणी सासरी किंवा माहेरी असतात, घरचे हिंदू असतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. डिसेंबरमध्ये नाताळची तयारी आणि हॉटेलांतलं काम एकदम येतं. पाळी बदलली की पोदेराची वेळ हुकते. अशा आठवड्यांसाठी आधीच एक छोटं रूप ठरवून ठेवा. आमचं ठरलेलं आहे: एक वचन, एक वाक्य, झोपण्याआधी. आणि गुरुवारी पाच मिनिटांचा फोन.

सासरच्या पूजेत काय करायचं, प्रसाद घ्यायचा की नाही, हे तिच्या वतीनं तुम्ही ठरवू नका. तिच्यासोबत वचन वाचा, प्रार्थना करा, ती जे ठरवेल त्याचा भार तिच्यासोबत उचला. घरच्यांशी वाद घालायला तिला उभं करू नका. त्यांच्यावर प्रेम करणं आणि त्यांचा मान राखणं हाही शिष्यत्वाचाच भाग आहे. आणि सोबतीच्या भेटी ज्यांनी आपणहून मागितल्या त्यांच्याच असाव्यात, कुणाला ओढून आणू नये.

येशूला अटक झाली त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचे शिष्य पेत्र, याकोब आणि योहान झोपी गेले. येशू तीनदा परत येऊन त्यांना पाहतो, आणि शेवटी "उठा, चला" म्हणतो, सोबतच. मी सोबत घेतलेली पहिली मुलगी तीन आठवडे आली नाही आणि तिनं फोनही उचलला नाही. मी रागावून पुस्तक बंद करणार होते. मावशी म्हणाल्या, "तिच्याकडे जा, विचारू नकोस काही, फक्त भेटून ये." मी तिच्या दारात उभी राहिले, ती रडली, आणि आम्ही चौथ्या अध्यायापासून पुन्हा सुरू केलं.

8. या ठिकाणी लगेच थांबा

सोबती तुमच्या लग्नाचा, नोकरीचा किंवा पगाराचा निर्णय देवाच्या नावानं तुमच्यासाठी घ्यायला लागला तर थांबा. डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगितली तर थांबा, प्रार्थना आणि गोळ्या दोन्ही चालतात. पैसे मागितले, उधार मागितले, किंवा आपल्या भेटींबद्दल पाळकांना सांगू नको म्हटलं, तर त्याच दिवशी पाळकांना सांगा. पाळकच तसं वागत असतील तर मंडळीच्या समितीतल्या दोन वडिलांकडे एकत्र जा. नवऱ्याचा मार सहन करणं म्हणजे वधस्तंभ वाहणं असं कुणी सांगितलं, तर ते ऐकू नका, 181 ला फोन करा. एवढं स्पष्ट लिहिते, कारण नव्या विश्वासणाऱ्याला वडीलधाऱ्यांना नाही म्हणणं म्हणजे देवाला नाही म्हणणं वाटतं. मलाही वाटत होतं.

9. सोडायला शिका, पुढे द्यायला शिका

पौलानं आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्याच वचनात चार पिढ्या एका ओळीत आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि त्यांनी ज्यांना शिकवायचं ते. म्हणून चार महिन्यांनी, फार तर एका वर्षानं, साप्ताहिक भेट थांबवा. नातं थांबत नाही. मी अजून दर महिन्याला कुर्टीला जाते आणि मावशी अजून माझ्याआधी कबूल करतात.

शेवटच्या दोन भेटींत धाकटीला तास चालवू द्या, तुम्ही फक्त बसा. वहीत तिला एक नाव लिहायला सांगा, मंडळीत नव्यानं आलेल्या कुणाचं तरी. त्या नावासाठी दोघींनी महिनाभर प्रार्थना करा, घाई करू नका.

माझ्या सध्याच्या मुलीच्या वहीत एक नाव आहे. कारवारकडची एक मुलगी, दोन महिन्यांपूर्वी मंडळीत आली, मागच्या बाकावर बसते आणि उपासना संपली की लगेच निघून जाते. येत्या रविवारी ही तिला विचारणार आहे. काय बोलायचं याची तालीम आम्ही काल माझ्या स्वयंपाकघरात दोनदा केली, एकदा ती स्वतःच राहिली आणि मी कारवारची मुलगी झाले, मग उलट.